नित्याच्या वाटेवरील आडजागा : पुण्याच्या वेताळ टेकडीचे एक वाचन

शहरालगतच्या रानात नेमाने फिरावयास जाणाऱ्या मनुष्यास त्या रानाची पुरी ओळख असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याला ओळख असते ती रानाची नव्हे, वाटेची. वीस वर्षे एकाच वाटेने टेकडी चढणाऱ्याला वाटेवरील प्रत्येक वळण पाठ असते. परंतु त्याच वाटेपासून पंचवीस पावलांवर असलेला पाझर, घळीत उभे असलेले जुने झाड किंवा शेंदूर माखलेला धोंडा त्याच्या दृष्टीस कधीच पडलेला नसतो. अशा स्थळांना सामान्यतः ‘आडजागा’ म्हणतात. हा शब्द अंतर सुचवितो. आडजागा म्हणजे दूरची, आडवळणाची जागा, असे त्यावरून वाटते. प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा याहून थोडा निराळा आहे. आडजागा बहुधा दूर नसते. ती दोन भिन्न गोष्टींच्या सीमेवर असते. खडक आणि माती, कोरडे आणि ओले, झाडी आणि माळ, चढ आणि सपाटी यांच्या सांध्यावर असते. हे सांधे कोठे पडतात याला कारणे आहेत, आणि कारणे आहेत म्हणूनच आडजागांचा शोध हा निव्वळ योगायोगाचा भाग राहत नाही. तो शिकता येतो.

उदाहरणादाखल पुण्याची वेताळ टेकडी घेणे सोयीचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी पुणे शहराच्या सर्वसाधारण पातळीहून दोनशे-सव्वादोनशे मीटरनी उंच असून शहरातील सर्वांत उंच स्थान म्हणून ती ओळखली जाते. फर्ग्युसन महाविद्यालयामागील टेकडी, विधि महाविद्यालयामागील टेकडी, चतुःशृंगी, पाषाण आणि कोथरूड या बाजूंच्या सोंडा, ही सर्व एकाच डोंगररांगेची अंगे होत. पायथ्याशी महाविद्यालये व संशोधनसंस्था आहेत, चोहोबाजूंनी वस्ती आहे, आणि पहाटेपासून शेकडो माणसे या टेकडीवर रपेट करीत असतात. इतक्या परिचित ठिकाणी काही दडून राहणे अशक्य वाटावे. तथापि येथेच दडलेल्या गोष्टींचा विचार अधिक उद्बोधक ठरतो.

खडकाच्या पायऱ्या

प्रथम पायाखालच्या खडकाचा विचार केला पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड लाव्हा-उद्रेकांतून दख्खनचा कातळ बनला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे. लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक साचत गेले. प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट व काळा झाला. वरचा भाग मात्र निवताना आतील वायू निसटू लागल्याने सच्छिद्र राहिला. विहिरी खणणारे लोक हा भेद भूशास्त्र शिकल्यावाचून जाणतात. घट्ट खडकास ते काळा पाषाण म्हणतात, आणि पोकळ्या भरलेल्या सच्छिद्र खडकास मांजऱ्या. काळा पाषाण सुरुंगाशिवाय फुटत नाही; मांजऱ्या तुलनेने लवकर झिजतो. एक थर टिकतो व दुसरा खचतो, त्यामुळे उतार सरळ न राहता पायऱ्यांचा बनतो. या खडकास शास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलेला आहे.

टेकडीवर नवख्याने जाताना ही पायरीची कल्पना मनात ठेविली तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. वाट चढते ती खचलेल्या भागावरून, विसावते ती टणक थराच्या कडेवर. ज्या उभ्या दरडीला वाट वळसा घालते, ती दरड म्हणजे टणक थराची उघडी पडलेली कड होय. फिरणारा मनुष्य वळसा घालून वर पोहोचतो. दरडीच्या पायथ्याशी काय आहे ते पाहण्यास तो थांबत नाही. आडजागांचा पहिला पट्टा नेमका तेथे असतो.

मांजऱ्या खडकातील पोकळ्यांकडेही लक्ष दिले पाहिजे. वायूने सोडलेल्या या छिद्रांत पुढे खनिजद्रव्ययुक्त पाणी झिरपून निरनिराळे स्फटिक तयार झाले. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अपोफिलाइट ही खनिजे पुणे परिसरातील दगडखाणींतून मिळतात. वाघोलीच्या खाणींतील निळा कॅव्हन्साइट तर जगातील संग्रहालयांत पोहोचला आहे. याच पोकळ्यांत गारगोटीच्या जातीचे, काचेसारख्या धारेने फुटणारे दगडही तयार होतात. मनुष्याच्या इतिहासात त्यांनी बजावलेल्या कामगिरीचा उल्लेख पुढे यावयाचा आहे.

पाण्याची रेषा

पावसाचे पाणी माथ्यावर पडते. त्यातील बरेचसे वाहून जाते. उरलेले काळ्या पाषाणाच्या भेगांतून खाली उतरते, सच्छिद्र थरात साठते आणि खालच्या अभेद्य थराशी अडते. कोठे कोठे दोन प्रवाहांमध्ये तांबड्या चिकट मातीचा पातळ पट्टा असतो. तोही पाण्यास अडवितो. खाली जाण्याचा मार्ग बंद झाला म्हणजे पाणी आडवे सरकते आणि टेकडीच्या अंगावर जेथे तो सांधा उघडा पडला असेल तेथे पाझररूपाने बाहेर येते. थर जवळजवळ आडवे असल्यामुळे असे पाझर बहुधा सारख्याच उंचीवर आढळतात. एक पाझर सापडला, तर त्याच पातळीवरून टेकडीस फेरी घातली असता दुसरा सापडण्याचा संभव असतो.

येथे थोडी सावधगिरी आवश्यक आहे. पुण्याच्या आसमंतातील लाव्ह्याचे बरेच प्रवाह सलग चादरीसारखे पसरलेले नाहीत. लहान लहान जिभांसारखे एकमेकांवर चढून व एकमेकांस बिलगून ते बनलेले आहेत. त्यामुळे पाझराची रेषा मधूनच तुटते, खाली उतरते किंवा नाहीशी होते. म्हणजे खडकाच्या रचनेवरून जागा निश्चित कळत नाही. कोठे पाहावयाचे एवढे मात्र कळते. क्षेत्रीय अभ्यासात हा लाभ लहान नव्हे.

पाऊस चालू असता सर्वच टेकडी ओली असते; त्यामुळे पाझर शोधण्यास तो काळ उपयोगी नाही. दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागते, आणि मग दरडीच्या पायथ्याशी एखादाच हिरवा चट्टा उरतो. खडकावर काळसर ओल दिसते, नेचे टिकून राहतात, गांधीलमाश्या व फुलपाखरे ओल्या मातीवर उतरतात. उन्हाळ्यात मोई, सालई, कांडोळ, मेढशिंगी यांसारखे कोरड्या उतारावरील पानझडी वृक्ष निष्पर्ण झालेले असताना घळीतील उंबर, जांभूळ किंवा करंज यांची हिरवी छाया दुरूनही ओळखू येते. झाड हे अशा रीतीने पाण्याचे निदर्शक होते. ही कल्पना नवी नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त दकार्गल नावाचे एक स्वतंत्र प्रकरणच भूगर्भातील पाण्याच्या शोधाला वाहिलेले असून त्यात वृक्ष व वारुळे यांच्या खुणा सांगितल्या आहेत. त्यांतील प्रत्येक खूण आधुनिक कसोटीस उतरते असे म्हणता येणार नाही. परंतु वनस्पती पाहून पाण्याचा अंदाज बांधण्याची पद्धती मूलतः निरीक्षणाची आहे, यात संशय नाही.

या घळींना आणखी एक महत्त्व आहे. उघड्या उतारावर शतकानुशतके गुरे चरली, सरपण तोडले गेले, वणवे लागले. घळीच्या उभ्या बाजूंवर मात्र ना शेळी पोहोचली ना कुऱ्हाड. खडकाच्या फटीत मुळे रोवून बसलेली पायर किंवा पांढऱ्या, कागदासारख्या सुटणाऱ्या सालीचा कांडोळ अशा ठिकाणी टिकून राहतो. टेकडीवर पूर्वी कोणती झाडी असावी याचा अंदाज बांधताना घळीतील हे अवशेष पुराव्यासारखे उपयोगी पडतात. लावलेल्या झाडीपेक्षा हे चार-दोन वृक्ष अधिक बोलके असतात.

ऋतूचा आडपडदा

काही आडजागा स्थळामुळे दडलेल्या नसून काळामुळे दडलेल्या असतात. माथ्यावरील उघड्या कातळावर बोट-दोन बोटे मातीचा थर साचलेला असतो. मे महिन्यात ती जागा पाहणाऱ्यास तेथे काही जगत असेल असे वाटणार नाही. पाऊस सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तेथे मुसळीची पांढरी फुले दिसतात, भुईतून आमरीचे एखादेच पान वर येते, झुडपांच्या आधाराने खरपुडीची नाजूक वेल चढते. खरपुडीच्या कंदिलासारख्या फुलाची रचना विशेष लक्षणीय आहे. लहान माश्या वासाने आकर्षित होऊन नळीत शिरतात. नळीतील खाली वळलेल्या केसांमुळे त्यांना परतता येत नाही. पुढे केस कोमेजून त्यांची सुटका होते, आणि तोवर परागांची देवघेव साधलेली असते. फुलाचे हे सर्व नाट्य गवताच्या उंचीत घडते. हमरस्त्याप्रमाणे रुंद झालेल्या वाटेवरून ते दिसत नाही. ऑक्टोबर सरता सरता या वनस्पती पुन्हा कंदरूपाने जमिनीखाली जातात. वर्षातील आठ महिने ती जागा ‘रिकामी’ असते.

पक्ष्यांविषयीही असेच म्हणता येईल. पावसाच्या तोंडावर स्थलांतर करणारा नवरंग पुण्याच्या टेकड्यांवरील झाडीत थोडे दिवस उतरतो. तो पालापाचोळा चाळीत जमिनीवरच वावरत असल्याने, दोन सुरांची शीळ ऐकू येऊनही दिसत नाही. रातवा दिवसभर वाळलेल्या पानांत बसून राहतो. पाऊल अगदी जवळ पडेपर्यंत तो उडत नाही. पाहणाऱ्याची नजर त्याच्यावरून जाते, परंतु त्याच्यावर थांबत नाही.

नित्याच्या रपेटीतून शास्त्राला काय मिळू शकते याचे एक जुने उदाहरण पुण्याचेच आहे. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांस सकाळच्या फेरफटक्यात पुण्याच्या कवायतीच्या मैदानाजवळ, पडीक जमिनीवर, गवताच्या बियांच्या लहान लहान राशी दिसल्या. अधिक पाहता मुंग्यांनी साठविलेले बी पावसात भिजल्यामुळे त्या ते उन्हात वाळविण्यास बाहेर काढीत होत्या, असे आढळले. मुंग्या धान्य साठवितात ही प्राचीनांची समजूत त्या काळी युरोपातील अनेक निसर्गज्ञ भ्रामक मानीत. कारण त्यांच्या परिचयाच्या थंड प्रदेशांतील मुंग्या तसे करीत नाहीत. साइक्स यांनी १८३५ मध्ये या मुंगीचे वर्णन प्रसिद्ध केले व तिला ‘दूरदृष्टीची’ या अर्थाचे ‘प्रोव्हिडेन्स’ हे जातिनाम दिले. त्या राशी कोठे गूढ ठिकाणी नव्हत्या. शेकडो सैनिकांच्या पायांखालून त्या जात असल्या पाहिजेत. फरक एवढाच की, एक मनुष्य थांबला, खाली वाकला आणि पुन्हा पावसानंतर तेथे आला. आजही पावसाची उघडीप होताच टेकडीवरील मोकळ्या जागी धान्यसंग्राहक मुंग्यांची, भोकाभोवती मातीची कडी रचलेली वारुळे शोधणाऱ्यास सापडतात.

माणसाच्या खुणा

टेकडीचा मानवी इतिहासही अशाच सांध्यांवर उमटलेला आहे. या बाबतीत दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्या कार्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. व्यवसायाने गणिती असलेल्या कोसंबींचे निवासस्थान या टेकडीच्या पायथ्याजवळ होते. टोकाला छिन्नी बसविलेली काठी घेऊन ते टेकड्या व वाड्या-वस्त्या पायी हिंडत. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील आपल्या ग्रंथात त्यांनी घराच्या आसपासचाच परिसर, तेथील भटक्या जमातींची पाले, ग्रामदैवते आणि टेकडीच्या उतारावर सापडणारी सूक्ष्मास्त्रे ही इतिहासाची साधने म्हणून वापरली. दूरच्या राजधान्यांचे शिलालेख हेच इतिहासाचे साधन, असे मानणाऱ्या काळात ही दृष्टी नवी होती.

सूक्ष्मास्त्रे म्हणजे गारगोटीवर्गीय दगडाची, बहुधा बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहूनही लहान पाती. लाकडाच्या अगर हाडाच्या खोबणीत ती ओळीने बसवून त्यांची धार वापरीत. कातडी सोलणे, कापणे, खरवडणे अशा कामांस ती उपयोगी पडत. कच्चा माल या डोंगरांतच होता. लाव्ह्यातील वायूंनी सोडलेल्या ज्या पोकळ्यांचा उल्लेख वर आला, त्यांतच हे दगड तयार झाले होते. खडक झिजला, दगड सुटून उतारावर आले, आणि माणसाने ते उचलले. अशी पाती शोधण्यास भर मातीत किंवा निव्वळ कातळावर जाऊन उपयोग नसतो. मातीचा थर जेथे पातळ होऊन कातळास मिळतो, पावसाने माती वाहून जाऊन जेथे खडे उघडे पडतात, अशा कडेलाच ती दिसतात. आडजागा सीमेवर असते, या विधानाचे हे बहुधा सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

१९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात कोसंबींनी हाच विचार पुढे नेला. गावाबाहेर, आडरानात, घडीव मूर्तीवाचून केवळ शेंदूर लावलेल्या तांदळ्याच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या बोल्हाई, तुकाई यांसारख्या देवतांची ठाणी त्यांनी पाहिली. त्यांतील कित्येक ठाण्यांजवळ सूक्ष्मास्त्रे सापडत होती. आज ही ठाणी निष्कारण एकीकडे पडल्यासारखी वाटत असली, तरी प्राचीन काळी पशुपालक व भटक्या लोकांच्या हंगामी वाटा तेथून जात असाव्यात व त्या वाटांच्या मिलनस्थानी ही दैवते उभी राहिली असावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे आज जी आडजागा दिसते, ती एके काळी हमरस्त्यावरची जागा होती. वाट सरकली आणि देव मागे राहिला. या अनुमानाचा प्रत्येक तपशील सर्वांनी मान्य केलेला नाही; तथापि आडबाजूला पडलेल्या ठाण्याकडे पाहताना ‘येथे देव का?’ या प्रश्नाआधी ‘येथून कोण जात असे?’ हा प्रश्न विचारण्याची शिस्त त्यातून लागते.

माथ्यावरील वेताळाचे स्थानही याच दृष्टीने पाहावे लागते. वेताळ हा भुतांचा अधिपती. अमावास्येच्या रात्री तो मशाली घेतलेल्या परिवारासह फिरतो, अशी महाराष्ट्रात समजूत आहे. गावाच्या शिवेवर, उंचावर, एकान्तात त्याचे ठाणे असते. शीव हीदेखील एक सीमाच होय. सह्याद्रीच्या पावसाळी भागात देवतेच्या अशा ठाण्याभोवती राखलेल्या देवराया आढळतात. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या, १९४६ साली स्थापन झालेल्या संशोधनसंस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी माधव गाडगीळ यांच्यासह १९७० च्या दशकात या देवरायांचा पायी हिंडून अभ्यास केला. त्यांचे निबंध १९७५ व १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. भोवतालचे जंगल नाहीसे झाले असता जुने वृक्ष व प्रचंड वेली देवराईतच तेवढ्या उरल्याचे त्यांत दाखविले आहे. पाण्याच्या उगमाशी झाडी, झाडीत दैवत, आणि दैवताच्या धाकाने झाडी व पाणी दोन्ही राखलेली, अशी ही साखळी आहे. ती खडकापासून सुरू होते हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही.

मानवी खुणांपैकी सर्वांत मोठी व सर्वांत दुर्लक्षित खूण म्हणजे बंद पडलेल्या दगडखाणी. शहरातील इमारतींस व रस्त्यांस लागणारा काळा दगड या टेकड्यांनी पुरविला. वडार समाजाच्या कष्टांतून तो निघाला. खाण थांबल्यावर तिच्या उभ्या भिंती उरल्या, तळाशी पाणी साचले, कपारींत झाडे रुजली. पुणे परिसरातील जुन्या खाणी व ओढ्यांच्या दरडी यांच्या कपारींत शृंगी घुबड वस्ती करते. घुबडास नैसर्गिक कडा व माणसाने तोडलेला कडा यांत भेद नाही. खाणीच्या भिंतीत लाव्ह्याचे थर जितके स्वच्छ वाचता येतात तितके अन्यत्र येत नाहीत. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यास तो उघडलेला ग्रंथच होय.

उघड्यावर दडलेला माळ

येथवर वर्णिलेल्या जागा शोधाव्या तरी लागतात. टेकडीवरील सर्वांत दुर्लक्षित जागा मात्र डोळ्यांसमोर असते. ती म्हणजे गवताळ माळ.

आज वेताळ टेकडीवर फिरणाऱ्यास जे ‘जंगल’ वाटते, त्याचा मोठा भाग लावलेल्या झाडांचा, विशेषतः गिरिपुष्पाचा आहे. मूळ मध्य अमेरिकेतील हा वृक्ष फांदी खोवूनही जगतो, जलद वाढतो, त्याच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीत नत्र साठते आणि गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. उजाड टेकड्या लवकर हिरव्या करावयाच्या होत्या, म्हणून तो निवडला गेला. त्याच्या बियांचा व सालीचा उपयोग उंदीर मारण्यास होतो. त्यावरून त्याचे शास्त्रीय नाव पडले आणि मराठीतही त्यास उंदीरमारी म्हणतात. ज्या काळी त्याची लागवड झाली, त्या काळी धूप थांबविणे ही निकडीची गरज होती. म्हणून लावणाऱ्यांस दोष देणे योग्य नव्हे. परंतु एकाच जातीच्या दाट सावलीखाली माळावरील गवत व कंदवर्गीय वनस्पती टिकत नाहीत, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

पवन्या, मारवेल, कुसळी यांसारखी गवते, त्यांत चरणारे कीटक, त्या कीटकांवर जगणारे पक्षी व सरडे, आणि वर वर्णिलेली पावसाळी फुलझाडे यांचे घर म्हणजे उघडा माळ. झाडीच्या तुलनेत तो गरीब भासतो. ‘येथे काही नाही’ असे ज्या जागेविषयी सहज म्हटले जाते, ती बहुधा हीच असते. आणि काही नाही म्हणूनच तेथे खड्डे खणले जातात, चर मारले जातात, रोपे लावली जातात, वाहने उभी केली जातात. झाडीत दडलेली गोष्ट निदान कोणी तरी शोधीत असतो. माळ सर्वांना दिसतो. म्हणूनच तो कोणी पाहत नाही.

निरीक्षणाची रीत

वरील विवेचनावरून निरीक्षणाचे काही नियम सहज निघतात. पहिला नियम असा की, नवी वाट पाडण्यापेक्षा जुनी वाट वेगवेगळ्या ऋतूंत चालावी. एकच सोंड जूनमध्ये, सप्टेंबरात, दिवाळीनंतर व एप्रिलात पाहिली असता चार निराळ्या टेकड्या पाहिल्यासारखे होते. दुसरा नियम, जेथे काही बदलते तेथे थांबावे. खडकाचा रंग, गवताची उंची, पायांखालचा आवाज, हवेतील गारवा यांपैकी काहीही. तिसरा नियम, स्थानिक नावे विचारून घ्यावीत. गुरे राखणारे, सरपण वेचणाऱ्या व रानभाज्या खुडणाऱ्या स्त्रिया यांच्या तोंडी घळ, सोंड, खिंड, टाके, माळ यांची वेगळाली नावे असतात. शहर वाढले की प्रथम नाहीशी होतात ती ही नावे, आणि नावामागोमाग जागा नाहीशी होण्यास वेळ लागत नाही. चौथा नियम, उचलू नये. सूक्ष्मास्त्र जागेवरून हलले की त्याची साक्ष निम्मी संपते. कंद उपटला की ती पुरती संपते.

यानंतर एक खराखुरा पेच उभा राहतो. आडजागेची नोंद करावी की ती गुप्त ठेवावी? नोंद प्रसिद्ध झाली की माणसे जातात, वाट पडते, आडजागा आड राहत नाही. घुबडाच्या कपारीशी छायाचित्रकारांची गर्दी होते. दुर्मिळ वेलीचे कंद उपटले जातात. आडरानातील तांदळ्याभोवती प्रथम ओटा, मग पत्र्याचे छप्पर व शेवटी सिमेंटचे मंदिर उभे राहते आणि त्यासाठी ज्या झाडाखाली देव होता तेच तोडले जाते. गुप्ततेच्या बाजूने हा युक्तिवाद भक्कम आहे.

उलट बाजू मात्र अधिक गंभीर आहे. बालभारती ते पौड फाटा यांस जोडणाऱ्या, टेकडीच्या अंगावरून जाणाऱ्या नियोजित रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील नागरिकांनी मोठा मोर्चा काढला. त्या वादात टेकडीत मुरणाऱ्या पाण्याचा, पायथ्याच्या भूजलाशी असलेल्या त्याच्या संबंधाचा व टेकडीवरील जीवसृष्टीचा प्रश्न वारंवार उपस्थित झाला. अशा प्रसंगी केवळ प्रेमाचा उपयोग होत नाही. पाझर कोणत्या उंचीवर आहे, तो कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, माळावर कोणत्या वनस्पती किती वर्षे आढळत आल्या आहेत, हे सांगता आले पाहिजे. कागदावर ज्या जागेची नोंद नाही ती जागा नियोजनाच्या दृष्टीने रिकामी असते. गुप्तता हौशी मनुष्यापासून आडजागेचे रक्षण करील. रस्त्याच्या आखणीपासून करणार नाही.

म्हणून दोहोंमधला मार्ग स्वीकारणे श्रेयस्कर होय. नोंद काटेकोर असावी, परंतु तिचा प्रत्येक भाग सर्वांस खुला असण्याचे कारण नाही. पाझरांच्या उंचीची व प्रवाहाची, माळाच्या व्याप्तीची आणि जुन्या वृक्षांची माहिती उघड व्हावी. ती जितकी सर्वमुखी होईल तितके त्यांचे रक्षण होईल. घरटी, कंदवर्गीय दुर्मिळ वनस्पती व सूक्ष्मास्त्रांची ठिकाणे यांचा नेमका पत्ता मात्र अभ्याससंस्थेच्या नोंदवहीत राहावा व गरज पडेल तेव्हाच अधिकारी व्यक्तींपुढे ठेवावा. कोणती माहिती कोणत्या वर्गात पडते हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे: जी गोष्ट उचलून नेता येते अगर भेटीगाठींनी बिघडते, तिचा पत्ता राखावा, जी केवळ अज्ञानामुळे नष्ट होईल, तिचा पत्ता सांगावा.

या कामास मोठ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही. प्रत्येक विभागाने शहरालगतच्या टेकडीची एक सोंड निवडावी, पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांच्या दरवर्षीच्या तुकडीने तीच सोंड चार ऋतूंत चालावी आणि आधीच्या तुकडीची वही हाती घेऊनच चालावे. पाझर आटण्याचा महिना, पायरीवर पहिले पान येण्याचा आठवडा, मुंग्यांनी बी वाळत घातल्याचा दिवस, एवढ्या नोंदी दहा वर्षे सलग राहिल्या तरी त्यांचे मोल पुष्कळ होईल. टेकडीविषयी पुढचा वाद जेव्हा उभा राहील, तेव्हा ती वही पुढे करता आली पाहिजे.